श्वास मोजले, शीळ कोण ऐकणार?

जबलपूरहून वायव्येला तीसेक किलोमीटरवर पाटन हे तहसिलीचे गाव आहे. हिरन नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा हिवाळ्यात हिरव्या वाटाण्याने भरून जातो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूर जिल्ह्याची ओळखही वाटाणाच आहे. डिसेंबर-जानेवारीत धुके विरायच्या आत बायका शेंगा तोडायला निघतात, तान्ही मुले बांधावर फडक्यात गुंडाळून निजवली जातात आणि याच दिवसांत माझ्या शिबिरापुढे खोकणाऱ्या मुलांची रांग लांबत जाते. मी बालरोगतज्ज्ञ आहे. जबलपुरात व्यवसाय करते आणि महिन्यातून दोन रविवार पाटनला बसते.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी तासाभराच्या अंतराने तीन मुले आली. तिघांच्या घरच्यांनी एकच तक्रार सांगितली. या भागात तिला ‘पसली चलना’ म्हणतात. म्हणजे श्वास घेताना मुलाच्या फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाणे. तिघांच्याही छातीतून श्वास सोडताना बारीक शिटीसारखा आवाज येत होता. तिघांच्याही घरच्यांकडे जवळजवळ सारखीच पिशवी होती: एक प्रतिजैविक, खोकल्याची एक-दोन सिरप आणि चिठ्ठीत बांधलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या. आजार मात्र तिघांचे वेगवेगळे होते.

पहिली अडीच वर्षांची मुलगी. पावसाळ्यापासूनची ही तिची तिसरी खेप. “मॅडम, हिची छाती कच्ची आहे, दर वेळी निमोनियाच होतो,” असे तिच्या आजीने सांगितले. मिनिटाला ५४ श्वास चालले होते. मी स्पेसर नावाच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला लहान मास्क लावून सालब्युटामॉलचे फवारे दिले. वीस मिनिटांनी पुन्हा, आणि आणखी वीस मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेनंतर श्वास ३४ वर आले आणि मुलगी आजीच्या पदराशी बांधलेले बिस्किट मागू लागली. तो न्यूमोनिया नव्हता.

दुसरा चार महिन्यांचा मुलगा. तीन दिवसांची सर्दी, मग धाप. त्याला ब्रॉन्किओलायटिस होता, म्हणजे विषाणूमुळे अगदी बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. रक्तातील प्राणवायू पुरेसा होता आणि तो अंगावर पीत होता. त्याला कोणत्याच औषधाची गरज नव्हती. मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी नाक मोकळे ठेवणे, थोडे-थोडे पण वारंवार पाजणे आणि धोक्याच्या खुणांवर लक्ष ठेवणे एवढाच त्याचा उपचार. ही गोष्ट त्याच्या वडिलांना पटवायला मला पहिल्या मुलीच्या तीन फवाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला.

तिसरा वीस महिन्यांचा. त्याला सर्दी नव्हती, तापही नव्हता. दोन दिवसांपूर्वी अंगणात वाळत घातलेल्या वाटाण्यापाशी खेळताना त्याला अचानक ठसका लागला होता आणि तेव्हापासून छाती वाजत होती. उजव्या बाजूला हवा कमी जात होती. त्याच दुपारी त्याला जबलपूरला पाठवले आणि दुर्बिणीने त्याच्या श्वासनलिकेतून वाटाण्याचा फुगलेला दाणा काढावा लागला. कोणत्याही प्रतिजैविकाने तो दाणा विरघळला नसता.

एकाच आवाजामागे तीन कारणे, आणि तिन्हींवर एकच पिशवी. ही चूक एखाद्या डॉक्टरची वा दुकानदाराची मानून सोडून देता येणार नाही. देशभरातील लहान गावांत ती रोज घडते. म्हणून हा प्रश्न वैद्यकाइतकाच धोरणाचाही आहे.

हा आवाज येतो कसा? तान्ह्या मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तीतून हवा वाहण्यास होणारा अडथळा सोळापट वाढतो. मोठ्या माणसाला ज्या सर्दीने केवळ नाक गळते, तिच्यामुळे येणारी तेवढीच सूज आणि तेवढाच चिकट स्राव सहा महिन्यांच्या मुलाची बारीक नळी जवळजवळ बंद करू शकतो. श्वास सोडताना या नळ्या आणखी आकुंचतात आणि हवा फटीतून जावी तशी शीळ घालत बाहेर पडते. आरएसव्ही आणि ऱ्हायनोव्हायरस हे विषाणू याचे सर्वांत मोठे कारण. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गरोदरपणी आईच्या आणि नंतर मुलाच्या नाकात जाणारा धूर, घरातील तंबाखू हे सारे ही वाट आणखी अरुंद करतात.

या शिळेचा अर्थ दमाच असतो असे नाही. अमेरिकेतील टुसॉन येथे हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला. त्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही या विषयाचा पाया मानले जातात. सहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांची छाती कधी ना कधी वाजली होती. त्यांतील सर्वांत मोठा गट, म्हणजे एकूण मुलांपैकी सुमारे २० टक्के, पहिल्या तीन वर्षांत त्रास होऊन पुढे पूर्ण बरा झाला. पहिल्या तीन वर्षांत सुरू होऊन सहाव्या वर्षीही टिकलेली शीळ सुमारे १४ टक्क्यांत होती. आई-वडिलांना दमा असणे, मुलाला इसब असणे, सर्दी नसतानाही धाप लागणे या खुणा असतील तर पुढे दमा होण्याची शक्यता वाढते. आजीची ‘छाती कच्ची’ ही समजूत आणि शेजाऱ्यांची ‘जन्माचा दमा’ ही समजूत, दोन्ही बहुतेक मुलांच्या बाबतीत चुकीच्या ठरतात.

मग प्रत्येक शीळ न्यूमोनिया का ठरते? याचे उत्तर एका मोठ्या यशात दडलेले आहे. चार दशकांपूर्वी न्यूमोनिया हा भारतातील बालमृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक होता आणि गावात ना डॉक्टर होता ना क्ष-किरण यंत्र. अशा वेळी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच आरोग्यसेवक व सुईणींना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. अंक न येणाऱ्या सुईणींसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेला श्वासमापक तयार केला. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा नियमही तोच झाला: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली ‘सांस’ मोहीम याच पायावर उभी आहे. २०२५ पर्यंत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजार जिवंत जन्मांमागे तीनपेक्षा कमी करणे हे तिचे उद्दिष्ट होते.

श्वास मोजण्याच्या या साध्या नियमाने असंख्य मुले वाचली आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जलद श्वास न्यूमोनियातही होतो आणि शीळ वाजणाऱ्या छातीतही होतो. केवळ आकडा दोहोंत भेद करू शकत नाही. हे जागतिक आरोग्य संघटनेलाही ठाऊक होते. म्हणूनच तिच्या मार्गदर्शक तक्त्यात एक मधली पायरी आहे: मुलाची छाती वाजत असेल आणि श्वास जलद असेल, तर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने तीनदापर्यंत श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचे फवारे द्या, पुन्हा श्वास मोजा आणि मगच निदान ठरवा. पाकिस्तानातील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जलद श्वास किंवा छाती आत ओढली जाण्याबरोबर शीळही असलेल्या १,६२२ मुलांना असे फवारे दिले. त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना आराम पडला. ही पायरी वगळली असती, तर त्या सर्वांवर न्यूमोनियाची चिठ्ठी लागली असती.

काळही बदलला आहे. हिब जिवाणूविरुद्धची लस आता सार्वत्रिक लसीकरणात आहे. न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. ज्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक द्यायचे, तेच या लशींमुळे मागे हटत आहेत. आफ्रिका आणि आशियातील सात देशांत झालेल्या ‘पर्च’ अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवले, की तीव्र न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के वेळा कारण विषाणू होते आणि एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के होता. गावात आज दिसणारी धाप १९९० ची राहिलेली नाही. आपली पिशवी मात्र तीच आहे.

त्या पिशवीतील दुसरी वस्तू, खोकल्याचे सिरप, किती महाग पडू शकते हे मध्य प्रदेशाने आणि विदर्भानेही नुकतेच पाहिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी, ताप, खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ सिरप दिलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या सिरपात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकोल हे विष सापडले. त्यानंतर बंदी आली, अटका झाल्या, तपास सुरू झाला. भेसळ हा गुन्हा आहेच. पण त्याआधीचा प्रश्न विचारला गेला नाही: त्या मुलांना ते औषध हवे होते का? केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना कळवले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही त्यांची सहसा शिफारस नाही. याच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असे वेष्टनावर छापायला सांगितले होते. कोल्ड्रिफ हे त्याच जातीचे मिश्रण होते. सूचना दुकानाच्या फळीपर्यंत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचल्या नाहीत.

‘देऊ नका’ एवढेच सांगून मात्र काम भागत नाही. रात्री अकरा वाजता मुलाची छाती वाजते तेव्हा आईला काहीतरी करायचे असते. तिला योग्य काही मिळाले नाही, तर ती जवळ असेल ते करते. शहडोल जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूमोनिया झालेल्या एका तान्ह्या मुलीला तापल्या सळईने पन्नासहून अधिक डागण्या दिल्याचे उघडकीस आले आणि ती मुलगी वाचली नाही. मेळघाटातील ‘डंबा’ महाराष्ट्राच्या वाचकांना अपरिचित नाही. सिरप आणि सळई यांत अर्थातच अंतर आहे. पण दोन्हींमागची असहायता एकच आहे.

योग्य उपाय महाग नाही, ही या प्रश्नातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. दोनशे फवाऱ्यांचा सालब्युटामॉलचा इनहेलर दोनशे रुपयांच्या आत मिळतो आणि राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत तो आहे. सौम्य व मध्यम झटक्यात स्पेसर लावून दिलेले फवारे नेब्युलायझरइतकेच काम करतात. त्यासाठी वीज लागत नाही. स्पेसर नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अर्ध्या लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीच्या तळाला इनहेलरच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा हवाबंद करून, ती बाजारातील स्पेसरइतकीच उपयोगी ठरते हे दाखवले. उलट जे सर्रास दिले जाते, ते एक तर निरुपयोगी असते किंवा त्रासदायक. तोंडाने दिलेल्या सालब्युटामॉल सिरपाचा गुण कमी आणि हात थरथरणे, छाती धडधडणे अधिक. विषाणूमुळे छाती वाजणाऱ्या लहान मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांचा सरसकट उपयोग होत नाही, हे २००९ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले. ब्रॉन्किओलायटिसमध्ये प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि फवारे, तिन्ही नेहमीसाठी वर्ज्य आहेत. आणि उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजलेली मुले माझ्यासारख्या प्रत्येक डॉक्टरने पाहिली आहेत.

इनहेलरला विरोध पैशाचा नसून भीतीचा आहे. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’, ‘मुलीला पंप लागतो हे कळले तर पुढे लग्नाचे काय’ ही वाक्ये मी पाटनमध्ये ऐकते, जबलपूरमध्ये ऐकते आणि नागपूरचे माझे सहकारीही ऐकतात. फवाऱ्यातून मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागेल इतके औषध थेट नळीत जाते. सिरपातून त्याच्या कित्येक पट औषध सर्व शरीरात फिरते. तरीही बाटली निरुपद्रवी आणि पंप भयंकर वाटतो. या भीतीची किंमत मोठी आहे. जागतिक अंदाजांनुसार दम्याच्या रुग्णांत भारताचा वाटा सुमारे १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४० टक्क्यांहून अधिक आहे. ज्या मुलांची शीळ पुढे टिकते, वारंवार येते, झोप मोडते, त्यांना कमी मात्रेचा श्वासावाटे घ्यायचा स्टेरॉइड नियमित हवा असतो. तो वेळेवर सुरू न होण्याचे बीज बालपणीच्या या गैरसमजातच पडते.

धुराबद्दल मला सावधपणे लिहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशातील सुमारे ४० टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. देशात हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर असलेल्या घरातही चूल पेटते, कारण दुसरा सिलिंडर भरणे परवडत नाही. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी झाली की नरवाई, म्हणजे खुंट, पेटवली जाते. ती जाळणाऱ्या शेतकऱ्यांना किसान कल्याण योजनेचा लाभ न देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. तरीही केवळ शेगडी बदलून तीव्र न्यूमोनिया घटेल, अशी आशा फारशी धरता येत नाही. भारतासह चार देशांत झालेल्या ‘हॅपिन’ चाचणीत गरोदरपणापासून गॅस पुरवूनही वर्षाखालील बालकांतील तीव्र न्यूमोनिया लक्षणीयरीत्या कमी झाला नाही, हे २०२४ मध्ये समोर आले. आई आणि मूल धुरापासून दूर राहिलेच पाहिजेत. पण त्या सुधारणेची वाट पाहत आज धापणाऱ्या मुलाचा फवारा अडवून ठेवता येत नाही.

काय करता येईल? प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरात सालब्युटामॉलचा इनहेलर आणि लहान मास्क असलेला स्पेसर कायम असावा आणि त्याचा साठा अमॉक्सिसिलिनइतक्याच काटेकोरपणे तपासला जावा. आरोग्य अधिकारी आणि एएनएम यांच्या प्रशिक्षणात श्वास मोजण्याबरोबर शीळ ओळखणेही शिकवले जावे. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून हे अर्ध्या दिवसात शिकवता येते. मार्गदर्शक तक्त्यातील मधली पायरी प्रत्यक्षात उतरते का, हे पाहणीत विचारले जावे. ज्या मुलाला फवाऱ्यांनी आराम पडतो, त्याच्या घरी पुढच्या झटक्यात काय करायचे याची स्थानिक भाषेतील एक पानी चिठ्ठी जावी. दुकानांतून पाच वर्षांखालील मुलांना सिरप विकण्यावरील सूचना तपासणीने पाळल्या जाव्यात. आरएसव्हीविरुद्ध गरोदर मातेला द्यायची लस किंवा बालकाला द्यायचे प्रतिपिंडाचे इंजेक्शन यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ते परवडेल अशा किमतीत कसे आणायचे, याची चर्चाही आताच सुरू व्हायला हवी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. फवारा हाती दिला, तर खरा न्यूमोनिया असलेल्या मुलाचे प्रतिजैविक लांबणार नाही का? लांबू शकते. म्हणूनच धोक्याच्या खुणा या पायरीच्या वर राहिल्या पाहिजेत: मूल पीत नाही, सुस्त पडले आहे, ओठ निळे पडले आहेत, झटके येत आहेत किंवा रक्तातील प्राणवायू ९० टक्क्यांखाली आहे, तर त्याला तातडीने रुग्णालयातच न्यायचे. दोन महिन्यांखालील बालकाच्या बाबतीत गावात प्रयोग नको. ठसका लागून अचानक छाती वाजू लागली, तर वाटाणा, शेंगदाणा, हरभरा आठवायचा. तीन फवाऱ्यांनंतरही श्वास जलदच राहिला, तर प्रतिजैविक आहेच. मधली पायरी न्यूमोनियाचा उपचार काढून घेत नाही. ती सुमारे तासाभराचा विचार जोडते.

त्या रविवारी अडीच वर्षांच्या मुलीबरोबर तिच्या गावची आशाताईही आली होती. मी फवारे देत असताना ती प्रत्येक वेळी मुलीचे श्वास मोजत होती, आणि तिचा आकडा माझ्या आकड्याशी जुळत होता. आजी घरी निघाली तेव्हा मी तिच्याजवळ इनहेलर दिला आणि बाटलीचा स्पेसर कसा करायचा ते दाखवले. “अम्मा, पुन्हा छाती वाजली तर आधी हे, आणि आराम नाही पडला तर लगेच दवाखाना,” असे मी सांगितले. आशाताईने मग विचारले, “मॅडम, आमच्या गावात अशी आणखी मुले आहेत. हा पंप आम्हाला कधी मिळेल?” मी तिला तारीख सांगू शकले नाही. ती भोपाळ आणि दिल्लीने सांगायची आहे.